एका देठावर चार फुलं

जुलैतली कोरडी दुपार. इंग्लंडमध्ये गावाच्या कडेला भाड्याने दिलेले बागेचे तुकडे असतात, त्यांतल्या एकावर आठ-आठ फुटी बांबूंच्या दोन रांगा उभ्या आहेत. प्रत्येक बांबूला एकच वेल. एक माणूस गुडघे टेकून वेलीच्या गाठी खालून वर सोडत चालला आहे. वेल त्याच्या डोक्यावर गेलेली, शेंड्याजवळ फुलांचे देठ. शेवटची गाठ सुटली की तो ती सहा फुटी वेल दोन्ही हातांवर तोलून खाली घेतो, जमिनीवर आडवी निजवतो, चार-पाच बांबू पलीकडे नेतो आणि शेवटचा हातभर शेंडा तेवढा तिथल्या बांबूला बांधून उभा करतो. मग पुढची वेल. रांगेच्या टोकाची वेल वळसा घालून समोरच्या रांगेत जाते. संध्याकाळपर्यंत सगळी रांग आडवी झालेली असते आणि सगळे शेंडे पुन्हा गुडघ्याएवढ्या उंचीवर आलेले असतात.

हे काम दुपारीच करायचं असतं. सकाळी खोडात पाणी भरलेलं असतं, त्यामुळे ते ताठ असतं आणि वाकवायला गेलं की कट्कन मोडतं. उन्हाने जरा मलूल झाली की तीच वेल मुकाट्याने वाकते. खाली उतरवल्यावर शेंडा दोन-चार दिवस गोंधळतो, मग वर वळतो आणि पुन्हा चढायला लागतो. दोन-तीन आठवड्यांत फुलं पुन्हा सुरू होतात आणि देठ पुन्हा लांब, सरळ निघू लागतात.

ही वेल स्वीट पीची. लॅथिरस ओडोरॅटस हे तिचं शास्त्रीय नाव. आपल्या वाटाण्याच्या कुळातली, फुलाची घडणही तशीच: मागे उभी पसरट ध्वजपाकळी, दोन्ही बाजूंना पंखपाकळ्या, मधे एकमेकींना चिकटलेल्या दोन पाकळ्यांची छोटी नौका. वास मात्र असा की खोलीत एक जुडी ठेवली तर शेजारच्या खोलीतून माणूस विचारत येतो. बागेत एखाद्या जाळीपाशी बी टोचून मोकळं सोडलं तर तिचा दाट गुंता होतो, भरपूर फुलतो आणि छान दिसतो. पण त्यातलं फूल तोडायला जावं तर देठ वीतभर, तोही वाकडा, आणि वर दोन-तीन फुलं. प्रदर्शनात मांडायचं किंवा फुलबाजारात विकायचं स्वीट पी निराळंच असतं. त्याचा देठ फूट-दीड फूट लांब आणि छडीइतका सरळ, त्यावर चार फुलं, चारही एकाच दिशेला तोंड करून, मधे मोकळं अंतर न सोडता एकावर एक बसवलेली.

बी दोन्हीकडे तेच असतं. फरक पडतो तो माळ्यामुळे, आणि माळी काय करतो हे पाहिलं की मी तरी थक्क होतो. या वेलीच्या तीन इच्छा असतात: फांद्या फोडायच्या, जे सापडेल ते धरून चढायचं, आणि शेंगा भरून मोकळं व्हायचं. उत्तम फूल हवं असणारा माणूस या तिन्ही इच्छा वेलीला पुऱ्या करू देत नाही. हंगामभर तो दुसरं फारसं काही करतच नाही.

मुळात हे फूल सिसिलीचं. फ्रान्सिस्को कुपानी नावाच्या तिथल्या वनस्पतिवेड्या साधूने १६९९ साली त्याचं बी इंग्लंडला पाठवलं, लंडनजवळच्या एनफील्डमध्ये शाळा चालवणाऱ्या रॉबर्ट युव्हडेल यांच्याकडे. ते रानटी फूल लहानसं होतं. गर्द तपकिरी-जांभळी ध्वजपाकळी, निळसर जांभळे पंख, आणि एका देठावर बहुधा दोनच फुलं. वासापायी लोकांनी ते परसात ठेवलं. पावणेदोनशे वर्षं त्याचं फार काही झालं नाही. थोडे रंग वाढले, गुलाबी-पांढरी ‘पेंटेड लेडी’ आली, एवढंच.

मग १८७० च्या सुमारास हेन्री एकफर्ड नावाच्या स्कॉटिश माळ्याने ते मनावर घेतलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बागा सांभाळलेल्या या माणसाने पुढे १८८८ साली श्रॉपशरमधल्या वेम गावी स्वतःची जागा केली आणि संकरामागून संकर करत फूल मोठं केलं, देठावरची फुलं दोनाची तीन-चार केली. इंग्लंडमध्ये हे फूल येऊन दोनशे वर्षं झाली म्हणून १९०० साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मोठं प्रदर्शन भरलं. तिथे मांडलेल्या २६४ वाणांपैकी ११५ एकट्या एकफर्डचे होते. पुढच्याच वर्षी आणखी एक गंमत झाली. ऑल्थॉर्पला, म्हणजे पुढे जे राजकन्या डायनाचं माहेर म्हणून जगाला माहीत झालं तिथे, सायलस कोल नावाचे मुख्य माळी होते. एकफर्डच्याच ‘प्रिमा डॉना’ या वाणाच्या वंशातून त्यांच्या बागेत एक वेगळंच फूल निघालं. ध्वजपाकळीची कड सपाट असायच्या ऐवजी लाटांसारखी दुमडलेली, चुणीदार. मालकिणीच्या नावाने ते ‘काउंटेस स्पेन्सर’ झालं. आज प्रदर्शनात जी स्वीट पी दिसते ती बहुतेक या स्पेन्सर घराण्यातली असते.

त्या काळातलं वेड किती होतं याचा अंदाज १९११ च्या एका स्पर्धेवरून येतो. ‘डेली मेल’ या वर्तमानपत्राने हौशी माळ्यांच्या उत्तम स्वीट पीच्या जुडीला हजार पौंडांचं पहिलं बक्षीस जाहीर केलं. बाग राखणाऱ्या माणसाला इतके पैसे मिळवायला कित्येक वर्षं लागली असती. देशभरातून पस्तीस हजारांवर जुड्या आल्या. पहिलं बक्षीस मिळालं स्कॉटलंडच्या सीमेवरच्या स्प्राउस्टन गावच्या धर्मगुरूंच्या पत्नीला, श्रीमती फ्रेझर यांना. धर्मगुरू डेनहोम फ्रेझर यांनी स्वतःच्या नावानेही जुडी पाठवली होती. ती तिसरी आली. बक्षिसाच्या पैशांतून गावच्या चर्चमध्ये वेदीकडचा नवा भाग बांधला गेला. डेनहोम फ्रेझर यांनी त्याच वर्षी स्वीट पी कशी वाढवावी यावर पुस्तकही काढलं. पस्तीस हजारांत एका घरात दोन बक्षिसं येतात तेव्हा नशीब हे कारण पुरत नाही, पद्धत मानावी लागते.

आता पद्धतीकडे. बी ऑक्टोबरात पेरतात, खोल नळीसारख्या कुंड्यांत, कारण मूळ आधी सरळ खाली धावतं आणि त्याला अडवलेलं आवडत नाही. बी टणक असतं. काही लोक त्याच्या टरफलाला, डोळ्याच्या उलट बाजूला, नखाने किंवा चाकूने बारीकशी खोच देतात म्हणजे पाणी आत शिरतं. काही म्हणतात उगाच खटाटोप. उंदरांचं मात्र यावर एकमत आहे, त्यांना हे बी सापडलं की ते एकही सोडत नाहीत. रोप उगवलं की त्याला ऊब द्यायची नाही. हिवाळाभर ते थंडीत, काचेच्या झाकणाखाली, जेमतेम वाढत राहतं. वर काही दिसत नाही, पण खाली मूळ भरत असतं.

रोपाला तीन-चार पानं आली की त्याचा शेंडा खुडतात. इथे पहिलं आश्चर्य आहे. पुढे तर एकच खोड ठेवायचं आहे, मग असलेलं खोड का मारायचं? कारण बियातून निघणारा पहिला कोंब किरकोळ असतो. शेंडा असतो तोवर तो ऑक्झिन नावाचं संप्रेरक खाली सोडत राहतो आणि त्याच्या धाकाने बुडाशी असलेले डोळे झोपून राहतात. शेंडा गेला की धाक गेला. मग जमिनीलगतचे डोळे जागे होतात आणि त्यांतून निघणारे फुटवे पहिल्या कोंबाहून जाड, दणकट असतात. वसंतात रोपं बाहेर बांबूपाशी लावली, वीतभर अंतरावर, की काही आठवडे त्यांना मोकळं सोडतात. मग प्रत्येक रोपापाशी बसून फुटवे पाहायचे, सगळ्यात जाड तो ठेवायचा आणि बाकीचे कापून टाकायचे. शेंडा खुडून चार वारस जागे केले आणि त्यांतला एक गादीवर बसवला, असा हा राजकारणाचा मामला आहे.

तो एकदा बांबूला बांधला की रोजची कामं सुरू होतात. वेल दर दोन-तीन दिवसांनी नवं पान काढते आणि प्रत्येक पानाच्या बगलेत दोन गोष्टी निघू शकतात: फुलाचा देठ आणि बगलफूट. बगलफूट काढायची, देठ ठेवायचा. नाशिककडच्या द्राक्षबागेत काम केलेल्या माणसाला हे सांगायची गरज नाही. तिथे बगलफूट काढणं हे हंगामाचं ठरलेलं काम आहे. स्वीट पीमध्ये अडचण अशी की कोवळेपणी दोन्ही जवळजवळ सारखी दिसतात. जवळ जाऊन पाहिलं तर बगलफुटीच्या टोकाला पानाची बारीक घडी असते आणि देठाच्या टोकाला कळ्यांचे इवले ठिपके. घाईत चुकीचं तोडलं तर त्या पेराचं फूल गेलं.

आणि मग तणावे. स्वीट पीचं पान म्हणजे दोन पर्णिका आणि त्यांच्या पुढे फाटे फुटलेला एक तणावा. हा तणावा मूळचा पर्णिकाच, उत्क्रांतीत पानाचा हात झालेला. तो हवेत हळूहळू गोल फिरत आधार शोधतो. काडी लागली की जिथे स्पर्श झाला त्याच्या पलीकडची बाजू जास्त वाढते, तणावा वळतो, आणखी स्पर्श होतो, आणखी वळतो. पाहता पाहता वेढे पडतात. चार्ल्स डार्विन आजारपणात खोलीत वेली ठेवून अशा तणाव्यांच्या फेऱ्या टिपत बसायचा, आणि १८६५ साली त्याने वेलींच्या हालचालींवर प्रबंधच प्रसिद्ध केला. डार्विन ज्यावर भुलला तो अवयव प्रदर्शनाचा माळी कात्रीने कापतो, प्रत्येक पानाचा, हंगामभर. कारण तणाव्याला काठी आणि शेजारचा फुलाचा देठ यांतला फरक कळत नाही. देठाला त्याने विळखा घातला की देठ वाकडा झाला, आणि वाकडा देठ फुलदाणीत कितीही फिरवला तरी वाकडाच. हात कापलेली वेल अर्थातच स्वतःहून चढू शकत नाही, म्हणून प्रत्येक पेराला माळी गाठ मारतो. पूर्वी राफिया नावाच्या तंतूने बांधत, आता तारेची कडी किंवा छोट्या क्लिपा वापरतात. गाठ सैल हवी, खोड जाड होणार असतं.

तणावा कापून, बगलफूट काढून नक्की काय मिळतं? प्रत्येक पान दिवसभर साखर तयार करतं आणि ती जिथे वाढ चालू आहे तिकडे ओढली जाते. मोकळ्या वेलीवर ओढणारी तोंडं शेकडो असतात. एकाच खोडावर ती उरतात तीन: मूळ, शेंडा आणि फुलाचे देठ. देठ मग लांब होतात, जाड होतात, आणि दोनाच्या जागी चार कळ्या धरतात. कधी पाच-सहाही धरतात. वेलीवर एकूण फुलं मात्र कमी येतात. हा सौदा सगळ्यांना पटावा असं नाही. दारात जाळीवर गुंता फुलवणाऱ्याला मी वेड्यात काढणार नाही. पण दीड फुटी देठावरची चार फुलं एकदा हातात धरली की लोक बांबू का रोवतात ते कळतं.

तिसरी इच्छा शेंगांची. स्वीट पी वर्षायू आहे. बी तयार झालं की तिचं काम संपलं. वेलीवर दोन-चार शेंगा भरू लागल्या की पुढचे देठ आखूड होतात, मग फुलणं थांबतं. म्हणून प्रत्येक फूल तोडायचंच, हवं असो वा नसो. प्रवासाला जाताना शेजाऱ्याला सांगून जायचं की रोज तोड आणि ने. फुकटची फुलं घ्यायला शेजारी सहसा नाही म्हणत नाहीत.

आता त्या दुपारच्या उलगड्याकडे येता येतं. वेल बांबूच्या टोकाला पोचली की पुढे आधार नाही, हात पोचत नाही, वाऱ्यात देठ झुलून घासतात. शेंडा मारला तर फुलंही थांबतील, कारण नवी फुलं नव्या वाढीवरच येतात. म्हणून शेंडा तसाच ठेवून खालचं खोड आडवं करायचं. जमिनीवर पडलेल्या सहा फुटांवर पानं फारशी उरलेली नसतात, तो भाग आता केवळ नळी आहे. मुळांकडून पाणी नेणं हेच त्याचं मुख्य काम, आणि नळी उभी आहे की आडवी याने पाण्याचं काही अडत नाही. आपल्याकडे पॉलिहाउसमध्ये काकडीची वेल तारेवरून सैल सोडत खाली उतरवतात, ती हीच युक्ती.

हौशी माळ्यांच्या या फुलाने विज्ञानालाही दोनदा मोठा हात दिला आहे, आणि दोन्ही वेळा कारण एकच. स्वीट पीचं फूल उमलण्याआधीच, कळीत, नौकेच्या बंद पाकळ्यांत स्वतःचं परागण उरकून घेतं. मधमाशी येते तोवर सगळं झालेलं असतं. त्यामुळे बी आईसारखं निघतं आणि वाण सहसा भेसळत नाही. संकर करायचा तर घट्ट कळी नखाने उघडून, नौका चिरून, दहाही पुंकेसर पराग सुटण्याआधी चिमट्याने काढावे लागतात आणि मग दुसऱ्या फुलाचे पराग आणून लावावे लागतात.

१८७५ साली फ्रान्सिस गॉल्टनने आपल्या मित्रांना स्वीट पीचं बी वाटलं. प्रत्येकाला सात पुड्या, प्रत्येक पुडीत एका ठरावीक वजनाच्या दहा बिया. पेरा, आणि जे बी येईल ते परत पाठवा. मित्रांत डार्विनही होता. आलेलं बी मोजल्यावर दिसलं की मोठ्या बियांची संतती मोठी असते, पण आईइतकी मोठी नसते; लहान बियांची संतती लहान असते, पण आईइतकी लहान नसते. दोन्ही टोकं मध्याकडे सरकतात. संख्याशास्त्रात आज ज्याला रिग्रेशन म्हणतात, विमा कंपनीपासून क्रिकेटच्या आकडेवारीपर्यंत जे सर्रास वापरलं जातं, त्याचा उगम या पुड्यांत आहे.

दुसरी गोष्ट केंब्रिजची. विल्यम बेटसन, एडिथ सॉन्डर्स आणि रेजिनल्ड पनेट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पांढऱ्या स्वीट पीचे दोन वाण एकमेकांशी संकरित केले. संतती आली जांभळी, सिसिलीच्या रानटी फुलासारखी! दोन पांढऱ्यांच्या पोटी जांभळं कसं? उत्तर असं की रंग तयार व्हायला दोन टप्पे लागतात. एका वाणात पहिला टप्पा मोडलेला होता, दुसऱ्यात दुसरा. दोघं एकत्र आले आणि साखळी पुरी झाली. त्या जांभळ्यांच्या पुढच्या पिढीत जांभळी आणि पांढरी यांचं प्रमाण ९:७ आलं.

त्यांनी आणखी एक संकर केला, जांभळं फूल-लांब पराग आणि लाल फूल-गोल पराग यांचा. मेंडेलच्या हिशेबाने नातवंडांत हे गुण एकमेकांशी संबंध न ठेवता वाटले जायला हवे होते. ६,९५२ झाडं मोजली. ४,८३१ आजीसारखी जांभळी-लांब, १,३३८ आजोबांसारखी लाल-गोल, आणि सरमिसळ झालेली फक्त ३९० आणि ३९३. हिशेबाप्रमाणे सरमिसळ तेराशेच्या आसपास यायला हवी होती, प्रत्येक प्रकारची. काही गुण एकमेकांचं बोट सोडत नाहीत हे इथे पहिल्यांदा आकड्यांत दिसलं. हे गुण एकाच गुणसूत्रावर शेजारी बसलेले असतात, असा उलगडा पुढे अमेरिकेत मॉर्गन नावाच्या शास्त्रज्ञाने फळमाशीवर काम करून केला, आणि श्रेयही बहुतेक तिकडेच गेलं. जनुकशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाने ‘लिंकेज’च्या धड्यात स्वीट पी वाचलेलं असतं, फूल मात्र फार थोड्यांनी हुंगलेलं असतं.

आता पुन्हा बागेत. तोडणीची वेळ पहाटेची, दव सुकताना. खालची तीन फुलं उमललेली आणि सगळ्यात वरची कळी रंग दाखवून अर्धवट उघडलेली, असा देठ घ्यायचा. घट्ट कळ्यांचा देठ घेऊन उपयोग नाही, त्या पाण्यात नीट उमलत नाहीत. तोडलेली फुलं खोल पाण्यात, थंड अंधाऱ्या जागी काही तास ठेवली की देठ ताठ होतात. एवढं करूनही हे फूल चार-पाच दिवसांचं पाहुणं. गुलाब-जरबेरासारखी मुक्कामाची सवय त्याला नाही. कारण एथिलिन. फळं पिकवणारा हा वायू फूल स्वतःही सोडतं, आणि हवेत त्याचा अंश जरी असला तरी स्वीट पीच्या पाकळ्या सुरकुतून गळतात. व्यापारी उत्पादक म्हणून तोडणीनंतर देठ चांदीच्या एका क्षाराच्या, सिल्व्हर थायोसल्फेटच्या, पातळ द्रावणात काही वेळ उभे करतात. चांदी फुलाच्या एथिलिन ओळखणाऱ्या जागा बंद करते. वायू असतो, पण फुलाला त्याची खबरच लागत नाही. मुक्काम मग जवळजवळ दुप्पट होतो.

व्यापाराचा विषय निघाला की जपानचं नाव घ्यावंच लागतं. तिथल्या मियाझाकी भागात हिवाळ्यात ऊन भरपूर, आणि देशातलं सर्वांत जास्त स्वीट पी तिथल्या हरितगृहांत पिकतं. ते लोक अंकुरलेलं बी काही आठवडे शीतगृहात ठेवून त्याला हिवाळा होऊन गेल्याचा आभास देतात आणि उन्हाळा सरता सरता पेरतात. एकच खोड, बगलफुटी काढलेल्या, आणि वेल उंच गेली की खाली उतरवायची. इंग्लिश माळी हंगामात एकदा करतो ते इथे अनेकदा होतं. टोकियोच्या फुलबाजारात पिवळी स्वीट पीसुद्धा मिळते. ती रंगवलेली असते: पांढऱ्या फुलाचा देठ रंगाच्या पाण्यात ठेवला की रंग पाकळ्यांच्या शिरांपर्यंत चढतो. कारण खरी पिवळी स्वीट पी अजून कोणाला साधलेली नाही. सव्वाशे वर्षं लोक मागे लागले आहेत. लॅथिरस बेलिनेन्सिस नावाचा पिवळा-लाल फुलांचा एक चुलतभाऊ तुर्कस्तानात १९८० च्या दशकात सापडला, आणि न्यूझीलंडचे कीथ हॅमेट यांनी त्याच्याशी संकर करून पाहिले. नवे रंग निघाले, पण लख्ख पिवळा नाही.

आणखी एक चुलतभाऊ आपल्या घरातला आहे. विदर्भात धानाच्या बांधीत मागाहून पेरली जाते ती लाखोळी, लॅथिरस सॅटिव्हस. दुष्काळात महिनोन्महिने केवळ तीच खाल्ली तर पाय लुळे पडतात, म्हणून तिच्यावर दीर्घकाळ बंदी होती. स्वीट पीचं बीही विषारी आहे, पण त्याचं विष निराळं. १९३० च्या दशकात उंदरांना हे बी खायला घातलं तेव्हा त्यांची हाडं वाकडी झाली. बियांतलं द्रव्य कोलॅजनचे तंतू एकमेकांना बांधणारं विकर बंद पाडतं, आणि बांधणी सैल पडली की हाडं, रक्तवाहिन्या सगळंच कमकुवत होतं. तेव्हा शेंग वाटाण्यासारखी दिसली तरी तोंडात घालायची नाही, आणि लहान मुलं असतील त्या घरी शेंगा धरूच द्यायच्या नाहीत. फुलांसाठी त्या तशाही तोडायच्याच आहेत.

महाराष्ट्रात हे फूल लावणारे अनेक जण पाकिटावरचं सुंदर चित्र पाहून स्पेन्सर जातीचं बी आणतात आणि मार्चपर्यंत नुसती पानं पाहतात. दोष हाताचा नसतो, दिवसाच्या लांबीचा असतो. स्पेन्सरला फुलायला साधारण बारा तासांचा दिवस लागतो. लंडनला डिसेंबरात दिवस आठ तासांचा असतो आणि जूनमध्ये सोळाचा. तिथे वेल हिवाळाभर वाट पाहते आणि थंड उन्हाळ्यात फुलते. पुण्याला डिसेंबरचा दिवस अकरा तासांचा. बारा तास होतात तोवर मार्च मध्यावर येतो, पारा पस्तिशीपुढे जातो आणि वेल करपते. म्हणून इथे ‘विंटर एलिगन्स’सारख्या हिवाळी जाती घ्याव्यात, त्यांना दहा तासांचा दिवस पुरतो. वसंती गटातल्या जातींना अकरा तास लागतात, त्याही थंड गावांत चालतात. परतीचा पाऊस ओसरला की ऑक्टोबरात बी टोचावं, निचऱ्याच्या मातीत, भरपूर कुजलेलं शेणखत घालून. युरियाचा मोह टाळावा. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू नत्राची सोय स्वतः करतात, आणि वरून जास्त दिलं की वेल माजते, कळ्या मात्र गळतात. ढगाळ हवा आली किंवा रात्री एकाएकी गारठा पडला तरी कळ्या गळतात; त्याला इलाज नाही, ऊन आलं की पुढचे देठ ठीक येतात. बांबू, सुतळी आणि एक छोटी कात्री एवढं साहित्य पुरे. आणि जानेवारी-फेब्रुवारीत पहिली जुडी जेवणाच्या टेबलावर ठेवाल तेव्हा तिथली पिकलेली केळी आणि चिकू उचलून स्वयंपाकघरात न्या.